पाच मिनिटं गप्प बसा

गणपतीला मुंबईहून आलेल्या मुलाच्या पिशवीतून काय निघतं, याकडे आमच्या आळीचं बारीक लक्ष असतं. २०१९ च्या गणपतीत आमचा मुलगा खेडला गाडीतून उतरला, तिथून एसटीत उभ्यानं दापोलीला आला, विहिरीवर पाय धुतले, मखरापुढे डोकं टेकलं आणि पिशवीतून एक खोका काढून माझ्या मांडीवर ठेवला. वजनावरून मला कंदी पेढे वाटले. उघडला तर आत करड्या रंगाचा पट्टा, रबरी नळी आणि घड्याळासारखी खिडकी असलेलं एक यंत्र.

"बाबा, बीपीचं मशीन आहे. रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं आणि आकडे मला पाठवायचे."

पूर्वी मुंबईचे मुलगे आकडे पाठवायचे, मनीऑर्डरच्या फॉर्मावर. आता ते उलट्या दिशेनं जाऊ लागले आहेत. असो.

सोबत एक पुस्तिका होती. तिच्यात एका गृहस्थाचं चित्र होतं. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर, दंड बरोबर छातीच्या उंचीला. मापण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. मग पाच मिनिटं शांत बसा. मोजताना बोलू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. तेव्हाही बोलू नका. चित्रातल्या गृहस्थाचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. हा मनुष्य दापोली तालुक्यातला नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्याकडे माणसाला 'बीपी आहे' असं म्हणतात. "त्यांना बीपी आहे, लोणचं वाढू नका." "हिला तिसऱ्या बाळंतपणात बीपी झालं." "आमच्या घराण्यात कोणाला म्हणून बीपी नाही." आता ज्याला बीपी नाही त्याच्यासाठी खरं म्हणजे बांबू आणायला माणूस पाठवावा लागेल, पण हे वाक्य छाती पुढे काढून म्हटलं जातं आणि ऐकणारेही माना डोलावतात. ज्यांना आहे, त्यांच्यातही दोन जाती आहेत. हायवाले आणि लोवाले. हायवाले स्वतःला कर्ते समजतात. लोवाल्यांना येताजाता कोणीतरी मीठसाखरेचं पाणी करून देतं.

यंत्र घरी येण्यापूर्वी बीपी ही दवाखान्यात घडणारी गोष्ट होती. आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर करड्या पत्र्याचा एक लांबट डबा असे. पुण्यात बनणारा, 'डायमंड' नावाचा. झाकण उघडलं की ते उभं राही आणि त्यात काचेची नळी आणि पारा दिसे. पुण्याचा असल्यामुळे समोरच्याला बरं वाटावं म्हणून आकडा कमी करून सांगण्याची त्याला सवय नव्हती. ते काम डॉक्टर करत. ते दंडाला पट्टा गुंडाळत, रबरी फुगा फस्स फस्स दाबत, कानाला नळ्या लावून पाऱ्याकडे बघत आणि शेवटी म्हणत, "थोडं आहे." वीस वर्षं माझं बीपी 'थोडं' होतं. एकदा 'जरासं' झालं, तेव्हा गोळी सुरू केली.

त्याच डॉक्टरांनी एका पावसाळी दुपारी, दवाखान्यात दुसरं कोणी नसताना, त्या नळ्या माझ्या कानाला लावून दिल्या. मी माझंच रक्त ऐकलं. पट्टा पूर्ण आवळलेला असतो तेव्हा काहीही ऐकू येत नाही, कारण रक्तच थांबलेलं असतं. मग हवा हळूहळू सुटते आणि एकदम ठक, ठक, ठक. शिमग्यात पालखी लांबच्या वाडीत असताना ढोल जसा यावा, तसा. मग आवाजात जराशी फुसफुस मिसळते, पुन्हा ठोके स्पष्ट होतात, मग मऊ पडतात आणि नाहीसे होतात. पालखी डोंगराआड गेली. ढोल सुरू झाला तो वरचा आकडा, बंद पडला तो खालचा. एवढंच आहे सगळं. मी उगाच इतकी वर्षं त्याला भ्यायलो.

माझी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळे एखादी वस्तू घरात आली की तिचं कूळ शोधल्याशिवाय मला राहवत नाही. या वस्तूचं कूळ घोडीपासून सुरू होतं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं एक घोडी उताणी बांधून घातली, तिच्या पायाच्या धमनीत पितळी नळी खुपसली आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं, म्हणजे आमच्या माजघरात केलं असतं तर तुळईला टेकलं असतं. हे त्यानं १७३३ साली छापलं. पाद्र्यानं हे प्रवचनं सांभाळून कधी केलं आणि घोडीचं मत काय होतं, दोन्ही गोष्टी पुस्तकात फारशा नाहीत.

आठ फुटांची नळी घेऊन कोणता डॉक्टर गावोगाव हिंडणार? पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणून पुढे १८२८ मध्ये प्वाझय नावाच्या फ्रेंचानं तो वापरला आणि यंत्र टेबलावर मावलं. आपण १२० म्हणतो ते १२० मिलिमीटर पारा. तेच पाण्यानं मोजायचं ठरवलं तर पाच फूट चार इंचांची नळी लागेल. म्हणजे आमच्या हिच्याहून चार बोटं उंच. तरीही धमनीत नळी खुपसायची ती खुपसायचीच होती. ती सुटका इटलीतल्या तुरीन शहरात १८९६ साली झाली. शिपिओने रिवा-रोच्ची या डॉक्टरनं दंडाला बांधायचा पट्टा काढला. त्यासाठी त्यानं काय वापरलं, तर सायकलची ट्यूब आणि शाईची दौत. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल फार आपलेपणा वाटतो. असा मनुष्य कोकणातच जन्मायचा, चुकून तिकडे गेला. त्याचा पट्टा मात्र जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता, आणि पट्टा अरुंद असला की आकडा खोटाच चढतो. पहिले रोगी उगाच घाबरले असणार.

रिवा-रोच्ची नाडीवर बोट ठेवून नुसता वरचा आकडा काढी. खालचा काढला तो कोरोत्कोव या रशियन शल्यवैद्यानं, १९०५ साली, पट्ट्याखाली कान लावून. सेंट पीटर्सबर्गला त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याचं सगळं टिपण पानभरही नव्हतं. मी दापोलीत राहतो, मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. एवढा मोठा शोध लागला आणि माणूस पानभरही बोलला नाही!

या सगळ्याच्या आधी लोकांना बीपी नसे काय? मुरुड इथून बारा-तेरा किलोमीटरवर. तिथले धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी, लहान असताना परीक्षेसाठी सह्याद्री चढून पायी साताऱ्याला गेले. तिथे साहेबानं त्यांच्याकडे बघितलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परत जा. ही १८७५ च्या सुमाराची गोष्ट. त्या क्षणी त्यांचं वरचं आणि खालचं किती झालं असेल हे कळायला मार्ग नाही, कारण रिवा-रोच्ची तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता आणि सायकलला हवेची ट्यूब यायची होती. कर्वे १०४ वर्षं जगले. आमच्या आळीतले एक आबा याचा अर्थ असा काढतात की मोजलं नाही म्हणून जगले.

तर आता ओटी. आमच्या ओटीवर झोपाळा आहे, आणि पहिलं मोजमाप अर्थातच झोपाळ्यावर झालं. आबांनी दंड पुढे केला, पट्टा फुगला, आणि आबांचा उजवा पाय सवयीनं जमिनीला रेटा देत राहिला. यंत्रानं तीनदा प्रयत्न केला आणि खिडकीत 'ई' असं अक्षर दाखवलं. "ई म्हणजे काय?" "ई म्हणजे हलू नका." "मी कुठे हलतोय? झोपाळा हलतोय."

हे यंत्र डॉक्टरांसारखं ऐकत नाही. रक्ताच्या धक्क्यानं पट्ट्यातल्या हवेला जे बारीक हादरे बसतात ते मोजतं आणि आपलं आपण गणित करतं. तुम्ही हललात की त्याचं गणित चुकतं. बोललात तर बीपीच खरोखर दहा-बारानं वर जातं. हात खाली लोंबकळत ठेवला तर दर वीतभर उतरणीला पंधराएक अंक फुकट मिळतात. हे मी आळीला समजावून सांगितलं. समजावून सांगताना माझंच मोजणं चालू होतं, १५८ आलं.

पंधरा दिवसांत रोज संध्याकाळी ओटीवर सात-आठ माणसं जमू लागली. हर्णैहून मासे घेऊन येणारी एक ताई टोपली उतरवून आधी दंड पुढे करी. जन्मभर टोपल्या उचललेला तिचा दंड पट्ट्यात मावेना. कसाबसा आवळला, आकडा भलताच आला. दंड जाड आणि पट्टा लहान, की रिवा-रोच्चीच्या रोग्यांसारखीच गत. तिला मोठा पट्टा असलेल्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथे ती ठणठणीत निघाली. उलट आमच्या काकूंच्या दंडाभोवती तोच पट्टा बांगडीसारखा फिरे.

मी वही घातली. तारीख, नाव, वरचा, खालचा असे रकाने आखले. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की नावाचा रकाना निरुपयोगी आहे. त्याच माणसाचा आकडा सोमवारी १२८ आणि मंगळवारी १५४. मग मी पाचवा रकाना वाढवला: विषय. आणि वही एकदम बोलू लागली.

हवापाण्यावर बोलत असेल तर माणूस १३० च्या आत राहतो. मोहोर आणि तुडतुडे, १४०. केळस्कर नाक्यावर मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्यांनी केलेली कोंडी, १४६. वानरांवर आलं की दीडशे ओलांडलंच. वानराला आपण हात लावायचा नाही आणि नारळाला तो आपल्याला लावू देत नाही, ही तक्रार शांतपणे करणारा मनुष्य मी अजून पाहिला नाही. सामाईक सातबारा हा विषय सर्वांत जड. बत्तीस नावं, त्यांतली नऊ वारलेली, एक कॅनडात, आणि बाकीच्यांच्या सह्या. आमच्या शेजारच्या भाऊंनी नुसतं "आमचा चुलतभाऊ" एवढे दोन शब्द उच्चारले तेव्हा १३४ वरून १६२ झालं. त्यानंतर त्यांनी 'चुलतभाऊ' या शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हा मी यंत्र काढून घेतलं. मुंबई-गोवा हायवेवर मात्र कोणाचंही मोजायचं नाही, असा नियमच केला. २०११ पासून त्याचं चौपदरीकरण चालू आहे. पट्टा फुटला तर तेवढ्यासाठी मुंबईला जावं लागेल, आणि जायचं त्याच रस्त्यानं.

मुलाला मी रोज आकडे पाठवत होतो. विषयाचा रकाना पाठवत नव्हतो. त्यामुळे तो घाबरला आणि मला दवाखान्यात जावं लागलं. तोवर डॉक्टरांच्या टेबलावरून तो पत्र्याचा डबा निघाला होता. जपानात मिनामाता नावाच्या गावी पाऱ्याच्या विषानं माणसं वाया गेली, त्या गावाच्या नावानं २०१३ साली जगभरच्या देशांचा करार झाला, आणि पाऱ्याची बीपीयंत्रं हळूहळू हद्दपार होऊ लागली. रास्त आहे. पण पारा नुसता मराठीत शिल्लक राहिला. आता कोणाचा पारा चढला तर तो कुठे चढला, हे नातवंडांना दाखवायला काही उरलं नाही.

डॉक्टरांनी वही चाळली, विषयाच्या रकान्यापाशी थांबले, आणि म्हणाले, "गोळी आहे तीच ठेवू. मीठ कमी करा."

हे वाक्य कोकणात बोलायला धैर्य लागतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा. मी घरी येऊन फडताळासमोर उभा राहिलो. खारातल्या कैऱ्यांची बरणी. खारातल्या मिरच्यांची बरणी. मीठ लावून वाळवलेली अंबोशी. मीठ घातलेलं आगळ. सांडगी मिरच्या. पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया. आमच्या पूर्वजांना चार महिने पावसात घराबाहेर पडता येत नसे, म्हणून त्यांनी उन्हाळा मिठात घालून ठेवायची विद्या काढली. शेजारी तीच विद्या सोडे आणि सुकटीला लावतात. यातून मीठ कमी करायचं म्हणजे फडताळच कमी करायचं. हिनं मार्ग काढला. भाजीतलं मीठ निम्मं केलं. मग भाजी अळणी लागते म्हणून मी शेजारी अंबोशीचं लोणचं घेऊ लागलो. डॉक्टरांना मी प्रामाणिकपणे सांगितलं, भाजीतलं मीठ निम्मं केलंय.

एकानं मुळी आणून दिली. सर्पगंधेची. "नाना, हिच्यापुढे गोळी काय करते?" आता इथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो. मुळीत दम आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रोग्यांवर तिचा अभ्यास करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला आणि मग सगळ्या जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. पण त्याच मुळीतलं औषध जास्त झालं तर माणूस खिन्न होऊन कोपऱ्यात बसतो. किती म्हणजे जास्त, हे मुळीवर लिहिलेलं नसतं. मी ती बागेत पुरली. आणणाऱ्याला सांगितलं, उतार पडला. तो अजून चार जणांना देतो की काय या काळजीनं त्या संध्याकाळी माझं १५० झालं.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. त्याबद्दल विनोद सुचत नाही. दुपारपर्यंत आमची कौलं गेली, मागची बाग आडवी झाली, आजोबांनी लावलेला कलम मुळासकट उलथला. आसूद, मुरुड, हर्णै, आंजर्ले, सगळीकडे तेच. वीज कित्येक दिवस नव्हती. यंत्रातले सेल काढून विजेरीत घातले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी सेल आणून दिले, तेव्हा भाऊ आले, ओटीवर पाठ टेकून बसले, दंड पुढे केला. बोलले नाहीत. मीही नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सगळं तंतोतंत, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. यंत्रानं 'ई' दाखवलं. हात हलत होता.

बागा पुन्हा लागल्या, कौलांच्या जागी पत्रे आले, ओटी पुन्हा भरू लागली, वानरंही परत आली. वहीत आकडे पूर्वीसारखे चढले आणि मला जरा बरं वाटलं.

या सगळ्यात हिचं बीपी मी सांगितलंच नाही. सांगण्यासारखं नाही. ११८ आणि ७६. कालही तेच, वर्षापूर्वीही तेच. मी एकदा विचारलं, हे कसं काय? तर म्हणाली, "या घरात मला बोलायला संधी मिळते कुठे?"

पण यंत्राचा खरा उपयोग तिनंच ओळखला. तो हेल्सला, रिवा-रोच्चीला, कोरोत्कोवला कोणालाच सुचला नव्हता. मी सकाळी पेपर उघडून हायवेवर सुरुवात केली की ती मागून येते, काही न बोलता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळते आणि म्हणते, "पाच मिनिटं गप्प बसा." मी बसतो. मग मोजते. मग म्हणते, "आता एक मिनिट थांबून पुन्हा. तेव्हाही बोलायचं नाही." दुपारी तिला डोळा लागायच्या वेळी पट्टा. संध्याकाळी तिची मालिका सुरू व्हायच्या आत पट्टा. मुलाचा फोन आला की पट्टा, म्हणजे तो तिच्याशी बोलतो. दिवसातून दोनदाचं सहादा झालं. मी डॉक्टरांकडे तक्रार केली. ते हिला म्हणाले, "वहिनी, इतक्यांदा मोजायची गरज नाही यांना."

"यांना नसेल," ही म्हणाली.

यंदा गणपतीच्या आधी मुलानं फोनवर विचारलं, "आई, तुझ्यासाठी काय आणू?" मी पट्ट्यात होतो, त्यामुळे मला मध्ये बोलता आलं नाही. ती म्हणाली, "सेल आण. मोठं पाकीट आण."